तबकडीची जन्मकथा आणि आंतरजालावरचे मराठी ग्रंथ

विज्ञान आणि संसार

तिगावहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात की, सुमारे वीस वर्षांपूर्वी घरच्या एका लग्नात त्यांच्या सासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी म्हटली होती. ती चित्रित करून तबकडीवर, म्हणजे आपण जिला ‘सीडी’ म्हणतो तिच्यावर, घालून ठेवली होती. सासूबाई आता नाहीत. तबकडी मात्र रेशमी रुमालात गुंडाळून कपाटात जपलेली आहे. गेल्या दिवाळीत ती लावून पाहिली तेव्हा थोडी चालली, अडखळली आणि थांबली. ताईंचे प्रश्न दोन आहेत. ही वस्तू बनते तरी कशाची आणि इतकी जपूनही ती बिघडली का, हा पहिला. दुसरा असा की, मुले हिंदी शाळेत शिकतात. ‘आता सारे मराठी आंतरजालावर आहे’ असे जो तो सांगतो. तर तेथे नेमके आहे काय आणि त्याचा घराला उपयोग कोणता?

दोन्ही प्रश्नांचा विचार आम्ही या महिन्यात एकत्रच करणार आहोत, कारण वरवर वेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपल्या घरातला मराठी शब्द पुढच्या पिढीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार, हा तो मूळ प्रश्न होय.

दूरच्या वाचकांसाठी दोन शब्द. तिगाव हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे, पांढुर्ण्याजवळचे गाव. सभोवार संत्र्यांच्या बागा, शेजारी सौंसर, आणि थोडे पुढे गेले की महाराष्ट्राची सीमा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावरच्या सीमा अशा सरकल्या, तरी पोळ्याचा सण आणि घरातली बोली जागच्या जागी राहिली. अशा ठिकाणी शाळा आणि कचेरी मराठीला हात देत नाहीत. तो भार घरालाच उचलावा लागतो. म्हणूनच त्या एका तबकडीचे मोल मोठे आहे.

साच्याचा साचा

बाजारात गाण्यांची किंवा चित्रपटांची जी तयार तबकडी मिळे, ती छापलेली असते. छापणे हा शब्द येथे अलंकारिक नाही. गुढीपाडव्याला साखरेच्या गाठी जशा साच्यात ओततात, त्याच जातीचे हे काम आहे. फक्त साच्यावरची नक्षी डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असते.

प्रथम काचेची एक अत्यंत गुळगुळीत चकती घेतात. तिच्यावर प्रकाशाने पालटणाऱ्या रसायनाचा पातळ थर देतात. चकती फिरत असताना लेसर किरणाचा झोत उघडझाप करीत त्या थरावर पडतो. नंतर चकती विशिष्ट द्रावणाने धुतली म्हणजे जेथे जेथे प्रकाश पडला तेथला थर निघून जातो आणि सूक्ष्म खळगे उरतात. या काचेवर धातूचा तलम मुलामा देऊन तिला निकेलच्या द्रावणात बुडवितात आणि विजेच्या साहाय्याने तिच्यावर निकेलचे जाड पुट चढवितात. ते पुट अलगद सोडविले की काचेवरच्या नक्षीचा उलटा ठसा हाती येतो. कारखान्यात या ठशाला ‘पिता’ म्हणतात. पित्यापासून त्याच रीतीने ‘माता’ करतात आणि मातेपासून छपाईचे साचे, म्हणजे ‘पुत्र’. यंत्रशाळेत असे गोत्र नांदत असेल ही कल्पना कित्येकांना नसेल. पण ही नावे खरोखरच रूढ आहेत.

मग खरी छपाई. पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे दाणे आधी चांगले वाळवितात, कारण ओलावा राहिला तर तबकडीत दोष उतरतो. ते सुमारे ३०० अंश सेल्सिअस उष्णतेला वितळवून मोठ्या दाबाने साच्यात लोटतात. काही सेकंदांत थिजलेली स्वच्छ चकती बाहेर येते: व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मध्यभागी १५ मिलिमीटरांचे छिद्र. अजून ती काचेसारखी आरपार असते. निर्वात कोठीत तिच्या नक्षीच्या बाजूवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर बसवितात. तोच तिचा आरसा. त्यावर लाखेसारख्या द्रवाचा संरक्षक लेप देऊन तो अतिनील प्रकाशाखाली कडक करतात आणि शेवटी वर नाव व चित्र छापतात. हे सर्व काम धूळविरहित खोल्यांत चालते. खळग्यांपुढे धुळीचा साधा कण म्हणजे डोंगरच.

पाच किलोमीटरांची वाट

त्या खळग्यांची ओळ आतून बाहेर अशी एकाच चक्राकार रेषेत जाते. दोन फेऱ्यांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. माणसाच्या एका केसाच्या रुंदीत असे सुमारे चाळीस फेरे मावतात. ही रेषा उलगडून सरळ मांडली तर तिची लांबी पाच किलोमीटरांहून अधिक भरेल. आणखी एक मौज अशी की, ७४ मिनिटांची तबकडी वाजविताना किरण त्या वाटेवरून सेकंदाला सुमारे सव्वा मीटर या वेगाने जातो. म्हणजे माणसाच्या साध्या चालण्याच्या वेगानेच!

वाचणारा अवरक्त लेसर किरण खालून प्लास्टिकच्या आरपार जाऊन आरशावर आपटतो व परततो. खळग्याच्या कडेवर परतणारा प्रकाश बदलतो. सपाट जागी तो तसाच राहतो. कड म्हणजे ‘एक’ आणि सपाटी म्हणजे ‘शून्य’. या दोनच खुणांतून गाणे, चित्र आणि अक्षर पुन्हा उभे राहते. त्यात चुका सुधारण्याची सोयही असते. आपल्याकडे वेदपाठकांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी तेच शब्द उलटसुलट म्हणून पाठातील चूक पकडण्याची योजना केली होती. तबकडीतही मूळ आकड्यांबरोबर पडताळ्याचे जादा आकडे असतात आणि ते सारे दूरदूर विखरून लिहिलेले असतात. त्यामुळे वाटेवर सुमारे अडीच मिलिमीटरांचा चरा पडला तरी हरवलेला भाग यंत्र गणिताने भरून काढते.

ही विद्या फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केली. १९८२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हॅनोव्हरजवळ लांगेनहागेन येथे अशा तबकड्यांची पहिली व्यापारी छपाई झाली आणि त्याच वर्षी जपानात त्या विक्रीस आल्या. पुढे ‘डीव्हीडी’ आली. तिच्यात ०.६ मिलिमीटरांच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या असतात, फेरे अधिक दाट असतात आणि वाचणारा किरण लाल असतो. त्यानंतरच्या ‘ब्लू-रे’साठी निळसर-जांभळा किरण योजला गेला. किरणाची तरंगलांबी जितकी लहान, तितकी नक्षी बारीक आणि मजकूर अधिक, असा हा हिशेब आहे.

घरी लिहिलेली तबकडी

आता ताईंच्या प्रश्नाच्या मर्माशी येऊ. त्यांची तबकडी छापलेली नव्हे. ती संगणकावर लिहिलेली आहे. कोऱ्या तबकडीत खळगे नसतात. तीत नुसती चक्राकार पन्हळ असते आणि तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर दिलेला असतो. खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसते ती या रंगामुळे. लिहिताना लेसरची शक्ती वाढविली जाते आणि रंगाचा थर जागोजागी भाजला जातो. हे डाग पुढे खळग्यांचे काम करतात.

रंग हा अखेर रंगच. उन्हात वाळत घातलेले लुगडे विटते, तद्वत् हा थरही ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हळूहळू विटतो. भाजलेली आणि न भाजलेली जागा यांतला भेद कमी होत जातो आणि एक दिवस यंत्राला तो ओळखू येईनासा होतो. मे महिन्यात आपल्या भागात लोखंडी कपाट किती तापते हे सांगावयास नको. तेव्हा रेशमी रुमालाने चरे टाळले असतील, काळ टाळला नाही. यात ताईंच्या निष्काळजीपणाचा काहीही भाग नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपण तबकडीची खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने ठसठशीत नाव लिहितो. वस्तुतः सीडीमध्ये मजकुराचा थर वरच्या बाजूलाच, त्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो. खालून १.२ मिलिमीटरांचे प्लास्टिकचे कवच आहे, वरून जवळजवळ काहीच नाही. बॉलपेनचे टोक किंवा ओढून काढलेली चिकटपट्टी तो थर कायमचा निकामी करू शकते. डीव्हीडीत मजकूर दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने ही भीती कमी असते.

काय करता येईल?

तबकडी अडखळली म्हणजे संपली, असे समजू नये. पुढील क्रमाने प्रयत्न करावा.

पहिले काम, ती पुन्हा पुन्हा वाजवून पाहणे बंद करावे. पुढे जे वाजवायचे ते तिच्या प्रतीवरून.

दुसरे, खालची बाजू मळकट असेल तर साध्या पाण्याने, फार तर सौम्य साबणाच्या थेंबाने धुऊन मऊ सुती कापडाने टिपून घ्यावी. पुसताना हात मध्यापासून कडेकडे सरळ न्यावा. गोल गोल पुसू नये. आडव्या चऱ्याने प्रत्येक फेऱ्याचे थोडेसेच नुकसान होते व ते गणिताने भरून निघते. वाटेच्या दिशेने गेलेला चरा मात्र एकाच ठिकाणचा पुष्कळ मजकूर गिळतो.

तिसरे, नव्या संगणकांत तबकडी वाचण्याची सोय बहुधा नसते. परंतु बाहेरून जोडता येणारे वाचकयंत्र मिळते. एका यंत्राने नकार दिला तर दुसऱ्यावर, तिसऱ्यावर पाहावे. प्रत्येक यंत्राची नजर थोडी निराळी असते आणि एकाला न वाचलेली तबकडी दुसऱ्याने वाचल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. जेवढे वाचता येईल तेवढे आधी जसेच्या तसे उतरवून घ्यावे. काटछाट आणि सजावट मागाहून.

चौथे, उतरवून घेतलेल्या मजकुराच्या निदान तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर, लेकीकडे किंवा भावाकडे ठेवावी. एकच प्रत असणे हे जवळजवळ काहीच नसल्यासारखे आहे.

चंदेरी थरच पोपडे धरून निघाला असेल तर मात्र इलाज नाही. म्हणून ज्यांच्या तबकड्या आज चालत आहेत त्यांनी ‘चालते ना, मग पुढे पाहू’ असे म्हणू नये. हे काम चालत्या तबकडीवरच सोपे असते.

कारखानाही गेला

येथे आपल्या देशातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मोझर बेअर इंडिया ही कंपनी १९८३ साली दिल्लीत कामाच्या वेळेची नोंद करणारी यंत्रे तयार करण्यासाठी निघाली. १९८८ मध्ये ती फ्लॉपीकडे वळली आणि १९९९ मध्ये कोऱ्या सीडी करू लागली. पुढे तिची गणना जगातील मोठ्या तबकडी-उत्पादकांत होऊ लागली. २००६ नंतर तिने चित्रपटांच्या तबकड्या तीस रुपयांच्या आसपास विकावयास काढल्या आणि गावोगावच्या दुकानांत त्यांच्या चळती लागल्या. पण लवकरच लोक चित्रपट आंतरजालावर पाहू लागले, खिशातल्या इवल्याशा साठवणीत शेकडो तबकड्यांचा मजकूर मावू लागला, आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत या कंपनीच्या विसर्जनाचा आदेश झाला.

बोध एवढाच की, वस्तू टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकेल असे नाही, आणि यंत्र टिकले तरी ते करणारा टिकेल असे नाही. टिकते ते, जे पिढी दरपिढी नव्या पात्रात ओतले जाते.

आंतरजालावर मराठी कोठे आहे?

आता दुसरा प्रश्न. ‘सारे मराठी आंतरजालावर आहे’ हे म्हणणे अतिशयोक्तीचे असले, तरी जे आहे ते थोडे नाही, आणि त्यातले उत्तम ते विनामूल्य आहे. ज्या गावात मराठी ग्रंथालय नाही त्या गावाला तर ही पर्वणीच म्हटली पाहिजे.

मराठी विश्वकोश प्रथम सांगितला पाहिजे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे या कार्याची उभारणी झाली. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि पुढे वीस खंडांपर्यंत काम गेले. हे खंड आता संकेतस्थळावर वाचता येतात. शिवाय ज्ञानमंडळांच्या द्वारे नव्या नोंदीही तेथे येत असतात. मुलाला शाळेत ‘प्रकाश का अपवर्तन’ शिकविले असेल, तर त्याच विषयाची मराठी नोंद संध्याकाळी त्याच्यासह वाचावी. त्याला एकच गोष्ट दोन भाषांत समजेल आणि मराठी ही केवळ आजीशी बोलण्याची भाषा नव्हे, तिच्यात शास्त्रही सांगता येते, हे उपदेशावाचून उमगेल.

दुसरा, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. आपल्या वाचकांना केतकरांविषयी विशेष आपुलकी वाटावी, कारण त्यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या या माणसाने अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आल्यावर ज्ञानकोशाचे काम नागपुरात आरंभिले, मग पुण्यास नेले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले आणि २३ खंड पुरे केले. हा कोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या प्रयत्नाने आंतरजालावर आला. त्यातली माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे हे ध्यानात ठेवून तो वाचावा; त्या काळचा हिंदुस्थान समजून घेण्यास मात्र त्याच्यासारखे साधन नाही.

तिसरी जागा आहे शब्दकोशांची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शोधता येतात. दाते-कर्व्यांच्या कोशात वऱ्हाडी आणि नागपुरी शब्दांपुढे तशी खूणही केलेली आहे. घरातला एखादा शब्द मुले ‘गावठी’ म्हणून हसण्यावारी नेत असतील तर तो तेथे शोधून दाखवावा. कोशात छापलेला सापडला की त्या शब्दाचा मान वाढतो, आणि तो वापरणाऱ्या आजीचाही.

चौथा, मराठी विकिपीडिया. २००३ मध्ये सुरू झालेला हा मुक्त ज्ञानकोश वाचकांनीच लिहावयाचा आहे. त्यात चुका आढळतात, उणिवा आढळतात. पण त्या दुरुस्त करण्याचा अधिकार तुम्हा-आम्हांलाच आहे. आपल्या गावाविषयी तेथे दोनच ओळी असतील तर त्या वीस करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. आधार मात्र छापील आणि खात्रीचा द्यावा.

ओव्यांचे उदाहरण

ताईंच्या ओव्यांशी थेट नाते सांगणारे एक काम मुद्दाम शेवटी ठेवले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. त्यांतल्या अनेक ओव्या गाणाऱ्या बायांच्या आवाजात मुद्रितही केल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. गाणारीचे नाव, तिचे गाव, तिचा आवाज आणि ओवीचा अर्थ असे सारे तेथे एकत्र मिळते. ज्या बायांची नावे गावाबाहेर कोणास ठाऊक नव्हती, त्यांचा आवाज आज जगात कोठेही ऐकू येतो.

या संग्रहाचे मोल नोंदीत आहे, हे ध्यानात घ्यावे. नुसत्या आवाजाला दोन पिढ्यांनंतर कोणी ओळखत नाही. म्हणून आपली तबकडी उतरवून घेतली की त्याच बैठकीत एका वहीत लिहून ठेवावे: गाणारी कोण, तिचे माहेर कोणते, प्रसंग कोणता, साल कोणते, कोणती ओवी तिने कोणाकडून घेतली. कठीण शब्दांचे अर्थ घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारावेत. तबकडी चालली नाही तरी ज्यांनी ती गाणी ऐकली आहेत त्या जावा, नणंदा आणि शेजारणी अजून आहेत. त्यांच्या तोंडून आठवेल तितके पुन्हा मुद्रित करून घ्यावे. सासूबाईंचा आवाज परत येणार नाही, पण त्यांनी सांभाळलेली ओवी येऊ शकेल.

सर्वांपुढे काही ठेवावयाचे झाल्यास दोन पथ्ये पाळावीत. घरातल्या मंडळींची संमती घ्यावी. आणि लग्नाच्या चित्रणामागे चित्रपटगीत जोडलेले असेल तर ते वगळावे, कारण त्याचा हक्क दुसऱ्याचा आहे. ओवी आणि भुलाबाईचे गाणे ही लोकांची ठेव आहे; तेथे ही अडचण येत नाही.

संकेतस्थळ म्हणजे काही अमरपट्टा नव्हे. तेही कोणाच्या तरी खर्चाने व निष्ठेने चालते आणि वाचक आटले की ओस पडते. ज्या विहिरीचे पाणी कोणी शेंदीत नाही तिच्यात गाळ साचतो. केतकरांना वर्गणीदारांसाठी गावोगाव हिंडावे लागले. आज आपल्याकडून कोणी पैसाही मागत नाही, मागणी आहे ती केवळ वाचनाची.

तेव्हा या महिन्यात प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे. कपाटातल्या तबकड्या बाहेर काढून त्यांची यादी करावी आणि ज्यांत घरच्या माणसांचा आवाज आहे त्या आधी उतरवून घ्याव्यात. चित्रपट मागे राहिले तरी चालतील. आणि रात्रीच्या जेवणानंतर मुलांकडून विश्वकोशातली एक नोंद मोठ्याने वाचून घ्यावी. अडलेला शब्द आजीला विचारावा. तिलाही अडला तर कोशात पाहावा. कोणत्या घरात कोणती गाणी सापडली ते आम्हांस अवश्य कळवावे. त्यांची गावनिहाय यादी याच सदरात देण्याचा आमचा मानस आहे.